बिघडवून आणलेलं मशीन

आत्याच्या धाकट्या बहिणीने छप्पन्नाव्या वर्षी सायकल शिकायला घेतली आणि तिसऱ्याच दिवशी भाजीच्या हातगाडीत शिरून मनगट मोडून घेतलं, त्या सालातली ही गोष्ट. त्या घरात सालं अशीच लक्षात ठेवतात. मनगटाचं साल म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही.

आत्या शिलाई मशीनं दुरुस्त करायची. गल्लीतली लहानथोर सगळी तिला आत्याच म्हणायची, पण जिची ती खरीखुरी आत्या होती ती भाची एकच, थोरल्या भावाची मुलगी. दुकान मूळचं आत्याच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर ती सामान आवरून किल्ली परत द्यायला म्हणून आली, तर दारात तीन शिंपी मशीनं घेऊन उभे. म्हणाली, एवढी तीन करते आणि बंद करते. त्याला सव्वीस वर्षं झाली.

दुकान रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली होतं. खिडकी होती, पण तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. आत्या पायांवरून माणूस ओळखायची आणि चालीवरून त्याच्या मशीनचं दुखणं. पाय ओढत आला तर पट्टा तुटलाय, तरातरा आला तर सुई मोडून कापडात अडकलीय आणि कापड दुसऱ्याचं आहे. भिंतीला लागून स्क्रूंचे डबे होते. डब्यात जो स्क्रू, तोच एक झाकणावर चिकटवलेला. अक्षरओळख आत्याला पन्नाशीनंतर झाली, पण डब्यांवर काही लिहायची गरज तिला त्यानंतरही वाटली नाही.

या धंद्यात एक रीत आहे. दुरुस्ती झाली की मशीन आडवं करायचं आणि त्याच्या पोटाखाली, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथे खिळ्याने खूण ओरखडायची. तेलपाणी, साफसफाई, दोऱ्याची गुठळी काढणं असलं किरकोळ काम असेल तर आडवी रेघ. एखादा भाग मोडला म्हणून बदलावा लागला तर फुली. शेजारी महिन्याचे ठिपके. पुढच्या खेपेला मशीन दुसऱ्याच कारागिराकडे गेलं तरी तो आधी त्याला उलटं करतो, पोट वाचतो आणि मग हत्यार उचलतो. बिलं कुणी देत नाही, कुणी मागत नाही. पण पोटाखालची खूण खोटी कुणी काढत नाही, कारण उद्या ती वाचून फसणारा आपल्यातलाच असतो.

भाची विद्यापीठात विम्याचं शिकत होती. जोखीम कशी मोजायची, हप्ता कसा ठरवायचा, असलं सगळं गणित. दुसऱ्या वर्षाला ती नापास झाली, पुन्हा बसली, पास झाली आणि शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर येऊन थांबली. तिथे तिचा बाप आडवा आला.

बाप म्हणजे आत्याचा दादा, बस डेपोत वेळ लिहून घेणारा माणूस. कुठली बस किती मिनिटं उशिरा सुटली हे त्याला दहा वर्षांमागचंही सांगता यायचं. स्वभावाने वाईट नाही, पण एकदा उशीर झाला की त्याच्या लेखी झाला.

"डेपोत तिकीट खिडकीवर एक जागा निघालीय," जेवणाच्या टेबलावर त्याने सांगितलं. "महिनाअखेर नाव कळवायचंय."

"तिचं एक वर्ष राहिलंय, दादा," आत्या म्हणाली.

"मागच्या वेळीही एकच राहिलं होतं. त्याची दोन झाली."

"पोर हुशार आहे."

"तू हेच म्हणणार. ही जन्मली तेव्हा वांग्यासारखी जांभळी होती, तरी तू म्हणालीस, काय रूप आहे. तुझ्या साक्षीला किंमत नाही."

"मग कुणाच्या साक्षीला आहे?"

दादाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "परक्या माणसाच्या. ज्याचं आपल्याशी देणंघेणं नाही, गोड बोलायची गरज नाही, अशा एका माणसाने मला सांगू दे की या पोरीत काहीतरी आहे. शेवटचं वर्ष मी करीन, ओव्हरटाइम करीन. नाहीतर खिडकी."

भाची मान खाली घालून डाळीत चमचा फिरवत होती. बोलली ती आत्याच. "महिनाअखेरीच्या आधी तिची स्पर्धा आहे. विमा कंपन्यांनी ठेवलेली. तिथे सगळे परकेच असतात."

"बघू," दादा म्हणाला. डेपोतल्या माणसाचं ‘बघू’ म्हणजे बरंच होतं.

स्पर्धा अशी होती की विद्यार्थ्यांनी विम्याची एखादी नवी योजना शोधून काढायची, जी आजवर कुणाला सुचली नाही. भाचीच्या गटात तिघं. एक ती. दुसरा एक मुलगा, इतका उंच की दुकानात शिरताना दोनदा वाकायचा, एकदा दाराला आणि एकदा दिव्याला. त्याला सगळे शिडी म्हणायचे. तिसरी मुलगी कमी बोलायची, पण बोलली की आकडा पुऱ्या तीन दशांश स्थळांपर्यंत सांगायची, म्हणून ती दशांश.

योजना सुचली ती आत्याच्याच दुकानात. भाची एकदा मशीन आडवं धरायला मदत करत होती. पोटाखालच्या रेघा बघून तिने विचारलं, हे काय. आत्याने सांगितलं, झालेल्या दुरुस्त्यांच्या खुणा. भाची मशीन तसंच धरून उभी राहिली.

"हात अवघडेल, ठेव खाली," आत्या म्हणाली.

"आत्या, शिंप्यांच्या मशीनचा विमा कुणी उतरवत नाही. का माहितीये? कंपनी म्हणते, मशीन आधी धड होतं कशावरून. बिल दाखवा, नोंद दाखवा. आणि नोंद ही इथे आहे. प्रत्येक मशीनच्या पोटाखाली."

"असेल. तू ते आधी खाली ठेव, माझ्या पायावर पडलं तर माझा विमा कोण उतरवील?"

पुढचे तीन महिने पोरांनी शहर पालथं घातलं. एकशे चाळीस शिंप्यांकडे जाऊन मशीनं उलटी केली, खुणांचे फोटो काढले. शिडीने फोनमध्ये असं काही बसवलं की फोटो काढला की फोन खूण वाचायचा. दशांशने सगळ्या खुणांचा तक्ता केला. वर्षभरात एकूण चारशे बारा खुणा. त्यावरून हप्ता ठरला. मशीन बिघडलं की शिंप्याने पोटाचा फोटो पाठवायचा, कंपनीने खुणा बघायच्या आणि तीन मिनिटांत नव्या मशीनची भरपाई मंजूर करायची.

त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी सगळं वाचून एकच गोष्ट सांगितली. "हप्ता फार होतोय. एवढा हप्ता शिंपी भरेल का? परीक्षक इथेच धरतील."

पोरांनी आकडे तीनदा तपासले. आकडे बरोबर होते. हप्ता फारच होता.

"बाकी इतकं चांगलं आहे की हप्त्याकडे बघणारच नाहीत," शिडी म्हणाला.

"शून्य पूर्णांक शून्य शून्य दोन," दशांश म्हणाली. ती असं म्हणाली की शक्यता सांगतेय असं समजायचं.

स्पर्धेत नुसतं बोलून भागणार नव्हतं, करून दाखवायचं होतं. म्हणजे बिघडलेलं मशीन हवं. आत्याच्या दुकानात बिघडलेली मशीनं यायची, पण राहायची नाहीत. शेवटी आत्याचंच एक हातमशीन, हँडल फिरवून चालवायचं, ते मुद्दाम बिघडवायचं ठरलं. शिडीने शटलमध्ये दोऱ्याची गुठळी कोंबली, सुई वाकडी बसवली. आत्या त्या वेळी दुकानाबाहेर पायरीवर जाऊन बसली. म्हणाली, "मला सांगू नका काय करताय. झालं की हाक मारा."

भाचीने तिला बजावलं, "आत्या, तू बरोबर चल, मला धीर येतो. पण मशीनला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"लंगडं मशीन बघितलं की तुला राहवत नाही, मला माहितीये."

"म्हातारी झाले म्हणून काय एक दिवस हात आवरता येणार नाही?"

स्पर्धेच्या दिवशी भाचीने आठवण म्हणून हेच आणखी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा दुकानात शिरता शिरता शिडीने सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाली, "तू आधी दिव्याकडे बघ." तोवर उशीर झाला होता. तो कपाळ चोळत बसला.

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाबाहेर लांब ओसरीसारखी जागा होती, तिथे बाकं मांडलेली. आठ गट आले होते. भाचीच्या गटाचा नंबर सहावा. चौथा गट आत असताना तिघंही संगणक जोडून बघायला बाजूच्या दारातून आत गेली आणि आत्या मशीनवर कापड टाकून राखण करत बसली. मांडीवर पिशवी. पिशवीत चष्मा, रुमाल, पेचकस आणि तेलाची कुपी. त्यांच्याशिवाय ती कुठे लग्नालाही गेली नव्हती.

शेजारच्या बाकावर पाचव्या गटाचा एक मुलगा बसला होता, कोट घालून, केस चापूनचोपून. त्याचा एक कागद बाकाखाली गेला. तो घ्यायला तो वाकला आणि आत्याने आयुष्यभर ऐकलेला एक आवाज झाला. शिवण उसवल्याचा आवाज. छोटा नाही.

मुलगा उभा राहिला, मागे हात नेऊन त्याने चाचपलं आणि त्याचा चेहरा उतरला. फाइल मागे धरून तो भिंतीला पाठ लावून सरकत सरकत आत्याजवळ आला.

"आजी, सेफ्टी पिन आहे का तुमच्याकडे?"

"आजी असेल तुझी. बघू किती उसवलंय."

"राहू द्या."

"अरे, सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शिवणीच बघतेय. फीर."

तो फिरला. पाटलोणीची मागची शिवण पट्ट्यापासून खालपर्यंत मोकळी झाली होती. पिनांचं एक पाकीट लागलं असतं आणि तरीही बसता आलं नसतं.

"नंबर कधी आहे?"

"यांच्यानंतर लगेच. दहा मिनिटं असतील. सुरुवात मीच करायची आहे." त्याने मशीनवरच्या कापडाकडे पाहिलं. "हे मशीन आहे ना?"

"बिघडलेलं आहे."

"अच्छा," मुलगा म्हणाला. त्याने गळ घातली असती, रडगाणं लावलं असतं, तर आत्याने त्याला हाकलून दिलं असतं. पण तो नुसता भिंतीला टेकून उभा राहिला, आणि ओठ हलवत आपलं भाषण पाठ करायला लागला.

आत्याने मनाशी हिशेब केला. दहा मिनिटांत याचं काम. मग याचा गट आत. त्याला वीस मिनिटं लागतील. तेवढ्यात मशीन पुन्हा बिघडवायचं. बिघडवायला काय अक्कल लागते? शिडीलासुद्धा जमलं.

"काढ," ती म्हणाली.

ओसरीच्या टोकाला झाडू आणि बादल्या ठेवायची खोली होती. मुलगा आत गेला, दाराच्या फटीतून पाटलोण बाहेर आली. आत्याने मशीनवरचं कापड दूर केलं, शटल उघडलं, गुठळी ओढून काढली, सुई सरळ बसवली, दोन थेंब तेल सोडलं आणि हँडल फिरवून कान दिला. मशीन गुणगुणलं. मग तिने शिवण घातली आणि तिच्यावर दुसरी घातली, कारण एकेरी शिवण ही तिला लबाडी वाटायची.

दाराआडून आवाज आला, "आत्या, आमचं नाव पुकारलं." बाहेर पोरं तिला आत्या म्हणताना त्याने ऐकलं असावं.

"पुकारू दे. नाव कुठे पळून जातंय? धर."

मुलगा पाटलोण चढवून पळाला. आभार मानायला मागे वळला तो आत जाताना दारावर आपटला.

आता आत्या मशीनकडे वळली. आधी सवयीने तिने ते आडवं केलं आणि पोटाखाली आडवी रेघ ओढली, शेजारी ठिपके. मग काढलेली गुठळी चिमटीत धरली आणि शटलपाशी नेली. आणि हात थांबला. सव्वीस वर्षांत तिने हजारो गुठळ्या काढल्या होत्या, घातली एकही नव्हती. तिने इकडून घालून पाहिली, तिकडून पाहिली. मशीनने दोन फेऱ्यांत ती बाहेर टाकली. तेल ताजं होतं ना. सुई वाकडी लावायला घेतली, तर बोटंच तिला सरळ करून मोकळी झाली. घाम आला तिला. आयुष्यात पहिल्यांदा एक मशीन तिला जमेना, आणि तेही बिघडवायला.

तेवढ्यात दार उघडलं. भाची बाहेर आली, ओठ कोरडे, डोळे मोठे.

"चल, आपला नंबर."

"अगं ऐक—"

"आत्या, आता काही म्हणजे काही बोलू नकोस. मी पहिलं वाक्य तोंडात धरून आलेय. बोललीस तर सांडेल."

शिडीने मशीन उचललंसुद्धा. आत्या पिशवी छातीशी धरून मागोमाग गेली आणि शेवटच्या रांगेत बसली.  दादाची तिकीट खिडकी तिला डोळ्यांसमोर दिसत होती, काच आणि काचेमागे पोर.

समोर तीन परीक्षक होते. एका बाजूला कंपनीतला एक मोठा साहेब, दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापक, आणि मधे एक बाई, केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले होते. कोण खरं बोलतंय, कोण घर मुद्दाम जाळून आलंय, हे त्यांना कागदाच्या वासावरून कळायचं असं पोरं सांगत होती.

भाची बोलली, आणि चांगलं बोलली. पहिलं वाक्य सांडलं नाही, पुढची त्याच्यामागे आली. शिंपी, त्यांची मशीनं, पोटाखालच्या खुणा. साहेब पुढे झुकून ऐकायला लागला. दशांशने तक्ता दाखवला. चारशे बारा खुणा, चारशे बारा बिघाड, त्यावरून हप्ता.

"हप्ता फार आहे," दावेवाल्या बाई म्हणाल्या.

"हो," भाची म्हणाली. तिने दुसरं काही ठरवलं होतं, पण तोंडातून खरं तेच गेलं. "ते आम्हालाही खटकतं. पण आकडे तसेच येतात."

"बरं. पुढे."

"आता आम्ही एक दावा करून दाखवतो. हे मशीन आज सकाळपासून बंद आहे. शिंप्याचं काम अडलंय."

शिडीने मशीनखाली कापडाचा तुकडा सरकवला आणि अडलेलं दाखवायला हँडलला जोर लावला. हँडल लोण्यासारखं फिरलं. जोर इतका होता की मशीनने एका दमात वीतभर टाका घातला. सरळ, एकसारखा, देखणा.

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले.

"छान शिवतंय," दावेवाल्या बाई म्हणाल्या.

"हो ना," शिडी म्हणाला. 

"मग दावा कशाचा?"

शिडीने हँडल उलटं फिरवून पाहिलं, तेही फिरलं.  

"मशीन धड, आणि भरपाईचा अर्ज तयार," बाई म्हणाल्या. "आमच्या कचेरीत याला खोटा दावा म्हणतात."

आत्या उठली. पिशवी खाली पडली, ती तिने उचलली नाही.

"बाई, दोष माझा आहे. मशीन खरंच बंद होतं. मी बाहेर बसल्या बसल्या दुरुस्त केलं."

"आपण कोण?"

"मी हिची आत्या. मशीनं दुरुस्त करते."

"आणि इथे कशाला केलंत?"

"एकाची शिवण उसवली होती. त्याच्या अब्रूचा प्रश्न होता."

पुन्हा हशा झाला. आणि डावीकडे कोट घातलेला मुलगा उभा राहिला. कान लाल. "खरं आहे. माझी पँट होती. त्यांनी शिवली नसती तर मी इथे उभाच राहू शकलो नसतो."

"पुरावा?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं. चेहरा तसाच गंभीर.

मुलाने क्षणभर विचार केला आणि सभागृहाकडे पाठ फिरवली.

"दिसला. बसा," बाई म्हणाल्या. "दुहेरी आहे."

"एकेरी मी घालत नाही," आत्या म्हणाली.

हसणं ओसरल्यावर बाईंनी पेन हातात घेतलं. "आता मला सांगा. काय झालं होतं मशीनला, आणि किती वेळ लागला?"

"दोऱ्याची गुठळी होती, सुई वाकडी होती. चहा निवायला जेवढा लागतो तेवढा वेळ."

"असं किती वेळा होतं? तुमच्याकडे दहा मशीनं आली तर खरी मोडलेली किती?"

"एखादं. बाकीची अडलेली असतात. मोडलेलं आणि अडलेलं एक नव्हे, बाई. अडलेल्याला हात लागतो, मोडलेल्याला पैसे. मी खुणाही वेगळ्या करते. अडलेल्याला रेघ, मोडलेल्याला फुली."

आत्या हे सहज बोलून गेली. पण पुढे उभ्या असलेल्या दशांशच्या हातातली पट्टी खाली पडली. तीन महिने त्या पोरीने रेघा आणि फुल्या वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्या होत्या, कारण वेगळं दिसलं की वेगळं लिहायचं हा तिचा स्वभाव. आणि बेरीज मात्र तिघांनी मिळून एकच केली होती, कारण कंपनीच्या छापील अर्जात बिघाडाचा रकाना एकच होता. मशीन थांबलं, लिहा बिघाड. एकशे चाळीस दुकानं हिंडली, प्रत्येक पोट बघितलं, आणि रेघ म्हणजे काय, फुली म्हणजे काय, हे आत्याला विचारावं असं एकालाही वाटलं नव्हतं. घरचंच माणूस, तिला काय विचारायचं.

दशांश भाचीच्या कानाशी लागली. भाचीने तक्त्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग बाईंकडे.

"आमचं चुकलं," भाची म्हणाली.  "चारशे बारा खुणांमध्ये फुल्या फक्त सदतीस आहेत. आम्ही सगळ्यालाच मोडलेलं धरलं. म्हणून हप्ता फार आला. मला पाच मिनिटं द्या."

"वेळ संपला आहे," प्राध्यापक म्हणाले.

"त्यांच्या वेळेतला थोडा वेळ आपण हसण्यात घालवला," दावेवाल्या बाई म्हणाल्या. "द्या."

मग तिथे जे झालं ते बघायला आत्याने त्यानंतर कितीचंही तिकीट काढलं असतं. दशांश फळ्यावर आकडे टाकत होती, शिडी वरच्या ओळी पुसत होता, कारण त्याचाच हात पोचत होता, आणि भाची बोलत होती. तोंडपाठ केलेलं काही नाही, सुचेल तसं. मशीन थांबलं की शिंप्याने पोटाचा फोटो पाठवायचा. कंपनीने आधी पैसे नाहीत, कारागीर पाठवायचा, त्याच दिवशी. रेघेचं काम असेल तर तो तिथेच करून जाईल. फुलीचं असेल तरच भरपाई, आणि तोवर शिंप्याला दुसरं मशीन वापरायला. कारागिरांनाही काम मिळेल. शिंप्याला नवं मशीन नको असतं, त्याला आजचं काम अडायला नको असतं.

फळ्याच्या तळाशी दशांशने आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. हप्ता चौथ्या हिश्शावर आला होता.

"किती दशांशापर्यंत?" साहेबाने गमतीत विचारलं.

"तीन," दशांश म्हणाली. "चौथं हवंय का?"

निकाल दोन तासांनी लागला. पहिला म्हणून भाचीच्या गटाचा पुकारा झाला. शिडी उठला तो पुढच्या रांगेतल्या खुर्चीत अडकला. दुसरा नंबर कोटवाल्या मुलाच्या गटाचा. तो आत्याजवळ आला.

"आत्या, तुम्ही माझी पँट शिवली आणि माझा पहिला नंबर घालवलात."

"फाटक्या पाटलोणीत घेतला असतास का पहिला नंबर?"

"नाही."

"मग झालं. घरी गेल्यावर पट्ट्याखालची शिवणही तपास. कापड चांगलं आहे, दोरा कुजका आहे."

बक्षीस असं होतं की त्या कंपनीने शहराच्या एका भागात ही योजना वर्षभर चालवून बघायची आणि तिघांना हाताशी घ्यायचं. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, फोटो काढत होती, आणि भाची मधेच थांबून आत्याकडे बघत होती. बक्षिसाचा कागद दादा वाचील, घडी घालील आणि म्हणेल, कागद काय, कुणीही छापतो. दोघींनाही ते ठाऊक होतं.

आत्या सरळ दावेवाल्या बाईंकडे गेली. बाई कागद आवरत होत्या.

"बाई, एक काम होतं. माझ्या भावाला फोन करून दोन शब्द सांगाल का? त्याला परकं माणूस हवंय."

बाईंनी वर पाहिलं. "म्हणजे काय?"

आत्याने सगळं सांगितलं. तिकीट खिडकी, महिनाअखेर, वांग्यासारखा जांभळा रंग, सगळं. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. मग हात पुढे केला. "लावा नंबर."

दादा ड्यूटीवर होता. मागे बसचे आवाज येत होते.

"मी तुमच्या मुलीच्या स्पर्धेत परीक्षक होते," बाई म्हणाल्या.

"नमस्कार. आपलं आणि तिचं काही नातं?" दादाने विचारलं. आत्याने कपाळाला हात लावला.

"काही नाही. उलट मी तिला खोटा दावा करणारी म्हटलं, सगळ्यांसमोर."

"असं."

"तीस वर्षं मी हेच काम केलं. चूक पकडली की माणसं काय करतात ते मला पाठ आहे. रडतात, भांडतात, दुसऱ्यावर ढकलतात. तुमच्या मुलीने सगळ्यांसमोर आमचं चुकलं म्हटलं आणि तिथल्या तिथे ती चूक कामाला लावली. अशी मला दोन-तीनच भेटली. तिचं शिक्षण पुरं व्हायला हवं. पुढे तिला नोकरी द्यायला मीच बसलेली असेन, पण पदवीशिवाय मलाही ती देता येणार नाही."



"तिला फोन द्या," दादा म्हणाला.

भाचीने फोन घेतला. "बाबा?"

"किती वाजता सुटताय तिथून?"

"साडेपाचला."

"साडेपाचची बस सात मिनिटं उशिरा आहे. आत्याला उन्हात उभं करू नकोस. आणि हे बघ, फीचा फॉर्म कुठून आणायचा असतो? मी उद्या रजा टाकलीय."

 भाचीने नुसतीच मान हलवली, जशी काही त्याला ती दिसत होती. फोन आत्याने तिच्या हातातून काढून घेतला.

"दादा, ती हो म्हणतेय."

"मग तसं तोंडाने म्हणायला काय झालं तिला?"

"जरा अडलीय," आत्या म्हणाली. "मोडलेली नाही. घरी येईपर्यंत होईल ठीक."

योजना त्या वर्षी तीन मोहल्ल्यांत चालली, पुढच्या वर्षी अकरा. घरोघर जायला सव्वीस कारागीर नेमले गेले, त्यांत सगळ्यांत म्हातारी आत्या. शिडी आणि दशांश यांनी पुढे एकमेकांशी लग्न केलं, आणि त्यांच्या घरातले दिवे सगळे भिंतीत बसवलेले आहेत. भाची शेवटच्या वर्षाला पहिल्या वर्गात पास झाली. ज्या दिवशी ती त्या कंपनीत रुजू झाली, त्या दिवशी दादा डेपोत पहिल्यांदा उशिरा पोचला आणि स्वतःच्या नावापुढे त्याने स्वतःच लिहिलं, नऊ मिनिटं.

आत्या त्यानंतर पंधरा वर्षांनी, मार्च महिन्याच्या चार तारखेला, दुपारी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वारली.